कॉम्प्युटरला शिकवलेली हाक

राम राम मंडळी. सकाळी घडलेलं लगेच कळवतो.

बारामतीच्या लेकीनं तिचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडे इंदापूरला ठेवलाय. त्यात नातीचं गाणं भरलेलं आहे. आमच्या हिला हल्ली नीट दिसत नाही, त्यामुळे गाणं लावायला ती माझी वाट बघत बसते. मी दवाखान्यात पडलो तर हिचं कसं, हीच मला धास्ती.

म्हणून आज सातवी शिकलेल्या मी भीत भीत फ्लॉपीवरून आवाजानं चालणारा प्रोग्राम बसवला. त्याला एक शब्द तीनदा ऐकवायचा होता, म्हणजे पुढं तो शब्द ऐकला की गाणं आपोआप लागणार. मी माझं नाव ठरवलं आणि माइक हिच्यापुढं धरला.

हिनं माइक बाजूला सारला.

"अगं, बोल की."

"काय तरीच! चाळीस वर्सांत घेतलं न्हाय, आन् आता मशिनीपुढं घेऊ व्हय?"

"मग काय म्हणतीस?"

"रोज म्हणते त्येच. अवो!"

तीनदा "अवो" भरलं. चौथ्यांदा तिनं हाक मारली, आणि मी उत्तर द्यायच्या आत नात गायला लागली. ही टाळ्या पिटून हसली.

तुमच्या घरी काय हाक मारतात हो? मला तर आज बरं वाटलं. माझ्यामागं हिच्या हाकेला घरातून कुणीतरी ओ देईल.