पडद्यावर ‘पता नहीं’ लिहिणारी बाई

बातमी आली तेव्हा मी ड्यूटीवर होतो. ज्योत्स्नाताईंच्या धाकट्या भावाचा, मिलिंदचा फोन. “भाऊ, ताई गेली...” एवढंच तो म्हणाला. पुढे काही दिवसांनी भिलाईतल्या स्मृती नगरला त्यांच्या घरासमोर मांडव घालून बौद्ध रीतीनं पुण्यानुमोदन झालं. पांढऱ्या कपड्यांत माणसं बसली होती, वंदना झाली आणि मग आमच्या कारखान्यातले एक मोठे साहेब बोलायला उठले. म्हणाले, मॅडम फार हुशार होत्या, फक्त जरा हट्टी होत्या, पण मनानं चांगल्या. मी गप्प बसलो. मयताच्या घरी तमाशा नको म्हणून बसलो, आता बसणार नाही. ज्योत्स्नाताई जरा हट्टी नव्हत्या, चांगल्या भरपूर हट्टी होत्या, आणि त्यांचा हट्ट बरोबर होता.

आमचा कारखाना म्हणजे भिलाईचा मोठा प्लांट नव्हे. त्याच्या आसऱ्यानं पोलाद तापवून लाटणाऱ्या ज्या रोलिंग मिल्स उभ्या राहिल्या, त्यांतली एक. ताई तिथं इन्स्ट्रुमेंटेशनच्या, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांच्या इंजिनीअर आणि मी कंट्रोल रूमचा ऑपरेटर. दोघांचीही घरं विदर्भातून आलेली, त्यांचं भंडाऱ्याकडचं, आमचं वर्ध्याकडचं. त्यांचे वडील रेल्वेत, त्यामुळे त्यांचं बालपण भिलाई-३ च्या क्वार्टरात गेलं. चारचौघांत मी त्यांना मॅडम म्हणायचो आणि चहाला बाहेर पडलो की ताई. सगळं खातं हिंदीत चालायचं, आमचं मराठी चहाच्या टपरीपुरतं. “तुमची पोरगी तुमच्याशी हिंदीत भांडते का मराठीत?” असं त्या मला विचारायच्या. मी म्हणायचो, हिंदीत. “मंग भांडण तीच जिंकत असंन,” म्हणून हसायच्या.

आमच्या भट्टीला थंड ठेवणारं पाणी लांब तळ्यावरच्या पंपहाउसातून येतं आणि ते पंप आम्ही कंट्रोल रूममधून चालवतो. आधी तिथवर तांब्याची केबल होती. वीज कडाडली की यंत्रांतली इलेक्ट्रॉनिक कार्डं जळायची, मोठी मोटर सुरू झाली की आकडे वेडेवाकडे यायचे. ताईंनी भांडून तिच्या जागी फायबर टाकून घेतलं. केसाएवढा काचेचा धागा, त्याच्यातून नुसता उजेड धावतो, विजेचं त्याला सोयरसुतक नाही. दोन्ही टोकांना एकेक डबी, तिला कन्व्हर्टर म्हणतात. एका टोकाची डबी विजेच्या संदेशाचा उजेड करते, दुसऱ्या टोकाची त्या उजेडाची पुन्हा वीज करते, आणि दोन्हीकडच्या जुन्या यंत्रांना मधलं तांबं गेल्याचा पत्ताही लागत नाही. कार्डं जळायची थांबली. मांडवात बोलले त्याच साहेबांनी तेव्हा पेढे वाटले.

मग एका दुपारी उंदरांनी तो धागा कुरतडला आणि त्याच दुपारी तिकडचे पंपही ट्रिप होऊन बंद पडले. आमच्या पडद्यावर मात्र दोन्ही पंप चालू, पाणी भरपूर, आणि डबीवर हिरवा दिवा. डबीपासून आमच्या यंत्रापर्यंतची तार शाबूत होती, म्हणून दिवा खूश. पडद्याला शेवटचा आलेला आकडा धरून बसायची सवय, म्हणून पडदाही खूश. पंपहाउसातल्या सालिकरामचा फोन आला तेव्हा कळलं. तुम्ही बघताय काय, म्हणून तो त्याच्या छत्तीसगढीत ओरडला, “पंप तो कब के बंद हे, तुमन का देखत हव?” उंचावरच्या टाकीत पाणी होतं म्हणून भट्टी वाचली आणि भट्टीजवळची माणसंही वाचली. सगळे उंदरांच्या मागे लागले. ताई पडद्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुटलं तर तुटू द्या नं. पण तुटल्यावर हा खोटं कावून बोलून राहिला?”

त्यांनी पंपहाउसकडून सतत बदलत राहणारा एक आकडा मागवायला सुरुवात केली. तो बदलायचा थांबला की तिकडची सगळी माहिती पडद्यावरून पुसली जायची आणि मोठ्या अक्षरांत यायचं, ‘पता नहीं’. ते दिसलं की ऑपरेटरनं फोन उचलायचा आणि तिथल्या माणसाला विचारायचं. बस. खोदकामात, डंपरखाली फायबर तुटतच असतं, त्यामुळे ते शब्द वरचेवर दिसायचे आणि साहेबांना वरचेवर झोंबायचे. त्यातच बाहेरचे मोठे ग्राहक कारखाना बघायला येणार असं ठरलं. साहेब म्हणाले, “मॅडम, दस मिनट पुराना आंकडा दिखाने में क्या बिगडता है?” ताई म्हणाल्या, “सर, दस मिनट में आदमी मरता है.” पाहुणे आले त्या दिवशी त्यांना चहा झाल्यावर ताईंनी सरळ पॅनलजवळ नेलं, आपल्या हातानं फायबरची पिन उपसली, तिच्यावर टोपण बसवलं आणि पडद्याकडे बोट केलं. ‘पता नहीं’. पाहुण्यांतला एक जण हसला, बाकीच्यांनी घड्याळं पाहिली. साहेबांचा चेहरा लाल झाला. मला मात्र त्या दिवशी त्या बाईचा असा अभिमान वाटला, की अजूनही वाटतो.

पुढच्याच महिन्यात त्यांची बदली आमच्याच भिलाई-३ च्या गोदामातल्या वजनकाट्यावर झाली. इंजिनीअर बाई ट्रक मोजायला... माफी लिहून द्या, परत घेतो, असं दोनदा सांगणं आलं. त्यांनी दिली नाही. त्यांच्या नियमाला हात लावायची मात्र कुणाची छाती झाली नाही, कारण आम्ही ऑपरेटर त्याच्याशिवाय बसायला तयार नव्हतो. लोक म्हणायचे, एवढ्या वर्षांत काही झालं का? उगीच नोकरीची माती केली. अरे, काही झालं नाही हेच तर तिनं केलं.

शेवटचं भेटलो ते त्यांच्या आजारपणात. डॉक्टर त्यांच्या उशाशी उभे राहून सब ठीक हो जाएगा म्हणत होते. ते गेल्यावर ताई म्हणाल्या, “पाय बरं, ह्यालेही माईत नाही, पण म्हनत नाही.” मग मला विचारलं, “आपलं आहे का अजून पडद्यावर?”

“आहे नं, ताई.”

“काढू देऊ नको.”

गेल्या आठवड्यात आमच्याकडे नवे कन्व्हर्टर आले, आणि नवा पडदाही. देखणा आहे. धागा तुटला की तो शेवटचा आकडा तसाच ठेवतो आणि कोपऱ्यात एक बारीकसं पिवळं चिन्ह दाखवतो, जे माझ्या चष्म्यातूनही नीट दिसत नाही. मी साहेबांना सांगितलं, ह्याच्यासमोर मी बसणार नाही. त्यांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग म्हणाले, तुम्हें भी कांटे पर भेजना पडेगा.

रविवारी मी भिलाई-३ ला जाऊन आलो. काट्याच्या खोलीत ताईंची खुर्ची अजून रिकामी आहे, त्यांनी घरून शिवून आणलेली निळी गादी तिच्यावर तशीच आहे. मी बसून पाहिलं. बसायला चांगली आहे.