गळलेली चांदणी

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीकाका म्हणत. पस्तीस वर्षं प्रुफं तपासणाऱ्या माणसाला दुसरं म्हणणार तरी काय? दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झालेली दिसली की काका भर रस्त्यात थांबत. मागून येणारा माणूस त्यांच्यावर आपटून ओरडला, तर काका त्यालाच ती पाटी दाखवत. एकदा डॉक्टरांनी नाडी धरलेली असताना त्यांनी दवाखान्याच्या भिंतीवरच्या सूचनेत दोन चुका काढल्या. नाडी जलद लागली ती त्यामुळेच, असं काकू अजून सांगतात.

निवृत्तीनंतर छापखान्याच्या मालकीणबाई त्यांच्याकडे घरी काम पाठवू लागल्या. पत्रकं, निमंत्रणं, औषधांच्या खोक्यांवरचा मुंगीएवढा मजकूर. जेवणाच्या टेबलावरची भांडी उचलली की तिथेच कचेरी. पद्धत ठरलेली होती. काकांनी प्रूफ मोठ्यानं वाचायचं, समोर काकूंनी गिऱ्हाइकाच्या हातची मूळ प्रत धरायची आणि कुठे फरक आला की टेबलावर पेन्सिल वाजवायची. चिन्हंसुद्धा तोंडानं म्हणायची: स्वल्पविराम, पूर्णविराम, उद्गारचिन्ह. तारांकनाला दोघं चांदणी म्हणत. उलटं करूनही पाहिलं होतं, पण काकू वाचू लागल्या की दुसऱ्या परिच्छेदाला काकांची मान छातीवर यायची, त्यामुळे तो प्रयोग एका दिवसात आटोपला.

"तुमच्याकडे भांडणंही स्वल्पविराम देऊन होत असतील," शेजारीण म्हणायची. ते बरंचसं खरं होतं.

गेल्या वर्षभरात मात्र काकूंचा डावा कान जवळजवळ बंद झाला आणि उजवाही मंदावत चालला. आधी त्या मधूनमधून "काय म्हणालात?" विचारत. मग विचारायच्या थांबल्या. काकांना खरं लागलं ते हे थांबणं. खुर्ची त्यांच्या डाव्या हाताला ओढून, उजवा कान पुढे करून, ओठांकडे टक लावून बसलेली बायको त्यांना बघवत नसे. ते आवाज चढवत, काकू ओशाळत, आणि दोन तासांचं काम तासाभरात गुंडाळलं जाई. त्या दोन तासांतच तर त्या घराचा सगळा संसार होता. बाकीचा वेळ नुसता स्वयंपाक, धुणं आणि औषधांच्या गोळ्या.

म्हणून ते पत्रक आलं तेव्हा दोघांनाही हुरूप आला. श्रवणयंत्रांच्या दुकानाचं पत्रक होतं आणि त्याचं प्रूफ याच टेबलावर वाचून गेलं होतं: "एका कानाचे यंत्र घ्या, दुसऱ्या कानाचे मोफत!" खाली दुकानाचा पत्ता आणि महिनाअखेरची तारीख. छापून आल्यावर काकूंनी एक प्रत कपाटाच्या दाराला लावली.

मुदत संपायला दहा दिवस असताना दोघं दुकानात गेली. काकूंना काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या, दोन्ही कानांना यंत्र लागेल असं सांगितलं. उजव्या कानाचं यंत्र घेतलं, पावती झाली. मग काकांनी पत्रकाची घडी उलगडून समोर ठेवली.

काउंटरवरच्या बाईंनी त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. "ती ऑफर फक्त महागड्या यंत्रांवर आहे."

"कुठे लिहिलंय तसं?" काकांचा आवाज चढला. भांडायला ते तयारच होते.

"अहो, तिथे एक स्टार होता. अटी लागू, असा. तो छापखान्यात गळला. छपाईची चूक आहे ती, त्याला आम्ही काय करणार?"

पाटीवरच्या वेलांटीसाठी रस्ता अडवणारा माणूस पत्रकाची घडी घालू लागला. काकूंच्या उजव्या कानात मात्र सगळं लख्ख शिरत होतं.

"हे असं लिहून द्या," काकू म्हणाल्या. "ऑफर का देत नाही ते. चार ओळी पुरेत."

"लिहून वगैरे देत नाही आम्ही."

"मग मालकांना बोलवा."

"मालक बाहेरगावी आहेत."

काकूंनी पर्समधून पेन्सिल काढली. पत्रकाच्या पाठी लिहायला काकांनी जागा करून दिली, तर काकूंनी त्यांचा हात बाजूला केला. "त्याच्यावर नको. ते आहे तसंच राहू दे." वेगळ्या कागदावर त्यांनी तारीख लिहिली, वेळ लिहिली आणि बाईंचं वाक्य शब्दाला शब्द उतरवून घेतलं. मग इतक्या अदबीनं नाव विचारलं की बाईंनी ते सांगूनही टाकलं. पावती, पत्रक आणि तो कागद एकाच पाकिटात गेला.

घरी आल्यावर काकूंना वाटलं होतं, आता काका बाह्या सरसावून पत्र लिहायला बसतील. एक दिवस गेला, दुसरा गेला. काका नळाचा वायसर बदलत बसले, जो गळतही नव्हता.

"पत्र कधी लिहिताय?"

"बघू. एक यंत्र मिळालंय ना? जाऊ दे की."

जाऊ दे म्हणणं त्या माणसाच्या स्वभावातच नव्हतं, आणि आतल्या आत ते स्वतःवर चरफडत होते. पण 'छापखान्यात गळला' ऐकल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. छापखान्यात म्हणजे कुठे? शेवटी याच टेबलावर. मूळ प्रतीत चांदणी असेल, प्रुफात नसेल, तर ते ती वाचणार कसे? आणि न वाचलेली चांदणी पकडायची काकूंनी, ज्यांना त्या दिवसांत वाचलेलंही नीट ऐकू येत नव्हतं. पत्र गेलं की मालक मूळ प्रत काढायला लावणार. मग चूक कुणाची ते छापखान्यात कळणार, काकूंना कळणार, आणि पेन्सिल कायमची खाली ठेवली जाणार. त्यापेक्षा या चांदणीकडे कानाडोळा केलेला बरा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी चहाचा कप त्यांच्यापुढे जरा जोरात ठेवला.

"अहो, तुम्हाला वाटतंय, ती चांदणी माझ्याकडून राहिली."

"छे! भलतंच काय?"

"मला ऐकू येतं आता. खोटं बोललात तर तेही ऐकू येतं."

काकांनी कपात बघत विचारलं, "तुला काही आठवतंय का त्या पत्रकाचं?"

"नाही आठवत. दिवसाला पाच-सहा कागद वाचतो आपण, कुठलं कुठलं लक्षात ठेवू? राहिली असेल तर राहिली. मला वाईट वाटेल, दोन दिवस जेवण जाणार नाही. पण तुम्ही माझ्यापासून लपवून मला सांभाळत बसलात, तर मी बहिरी होते तीच बरी होते." मग त्या खुर्चीवर बसल्या. "आणि चांदणी कुणाकडून का गळेना, लोकांनी वाचलं ते हे पत्रक. अट त्यांच्या मनात होती, ती आपण कशी वाचणार? उठा, छापखान्यात जाऊ."

छापखान्यात प्रत्येक कामाची फाइल वर्षभर ठेवत: गिऱ्हाइकाची मूळ प्रत, तपासलेलं प्रूफ आणि त्यावर 'छापा' अशी गिऱ्हाइकाची सही. मालकीणबाईंनी दोघांना बसवलं खरं, पण फाइलचं नाव निघताच त्या चुळबुळल्या.

"काका, ते माझं नेहमीचं गिऱ्हाईक आहे हो. उगाच कशाला?"

काका उठायलाच टेकले होते. त्यांना तर निमित्तच मिळालं. काकू जागच्या हलल्या नाहीत.

"ते सगळ्यांना सांगताहेत, छपाईची चूक म्हणून."

मालकीणबाईंनी डोक्यावरचा चष्मा नाकावर आणला. "कोण सांगतंय? माझ्या छापखान्याची चूक?" मग त्या स्वतः स्टुलावर चढल्या.

फाइल उघडली. वर मूळ प्रत होती, मालकाच्या हिरव्या शाईतली. 'मोफत' या शब्दाच्या डोक्यावर ठसठशीत चांदणी. काकांनी डोळे मिटले. खाली प्रूफ होतं. 'मोफत'च्या डोक्यावर काही नव्हतं. अक्षरजुळणीत ती खरंच गळली होती.

"अहो, डोळे उघडा," काकू म्हणाल्या.

प्रुफाच्या समासात पेन्सिलीनं बारीक, गोलसर अक्षरात लिहिलं होतं: 'मूळ प्रतीत चांदणी आहे, इथे नाही. अटींची टीप दोन्हीकडे नाही. टीप कुठे?' अक्षर काकूंचं होतं. त्याखाली हिरव्या शाईत उत्तर: 'चांदणी नको, टीप नको. गर्दी व्हायला हवी. असेच छापा.' आणि झोकदार सही.

काकांचे डोळे भरून आले, आणि आनंदाहून जास्त लाज वाटली. अर्ध्या कानानं, ओठांकडे बघून, तिनं न उच्चारलेलं चिन्ह टिपलं होतं. ते मात्र दोन दिवस न गळणाऱ्या नळाशी झटत बसले होते.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"पुन्हा म्हणा, मालकीणबाईंना ऐकू आलं नाही," काकू म्हणाल्या. बाई झेरॉक्स काढत हसत होत्या.

त्याच दिवशी पत्र झालं. एकच पान. काय जाहीर केलं होतं, आपण कधी गेलो, काय नाकारलं, काय मागतो आहोत. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर ग्राहक तक्रार कार्यालयात जाऊ. शिव्या नाहीत. काकांनी 'निर्लज्ज' हा शब्द दोनदा घातला आणि काकूंनी दोनदा काढला. सोबत सगळ्या कागदांच्या नकला जोडल्या, अस्सल घरी ठेवले, आणि काउंटरवरच्या बाईंकडून दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली.

पंधरा दिवस मालकांनी कानात बोळे घातले. सोळाव्या दिवशी दोघं तक्रार कार्यालयात गेली. वकील लागला नाही, दोन पानांचा अर्ज पुरला. त्या अर्जाच्या छापील मजकुरात तीन चुका होत्या. काकांनी त्या सुधारल्या. कारकून आधी वैतागला, मग त्यानं आणखी एक अर्ज तपासायला पुढे केला.

कार्यालयाची नोटीस गेली आणि आठवड्याच्या आत खुद्द मालकांचा फोन आला. "थोडा गैरसमज झाला, या तुम्ही." दुकानात त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या, यंत्राची डबी पुढे सरकवली आणि तक्रार मिटल्याचा कागद सहीसाठी ठेवला. काकूंनी पेन उचललं नाही.

"मुदतीत हे पत्रक घेऊन आलेल्या बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्यांनी कुठे तक्रार केलीय?"

"त्यांना वाटतंय, छपाईची चूक आहे." काकूंनी झेरॉक्स उलगडून हिरव्या शाईवर बोट ठेवलं. मालकांनी स्वतःची सही ओळखली आणि कागद पुढे ओढला. नाकारलेल्या गिऱ्हाइकांना बोलावून यंत्र देऊ, असं त्यांनी लिहून दिलं, मगच काकूंनी सही केली.

दुसऱ्या दिवशी टेबलावरची भांडी उचलल्यावर काकूंनी आपली खुर्ची काकांच्या डाव्या हाताकडून काढली आणि पूर्वीसारखी समोर ठेवली. प्रूफ एका चपलांच्या दुकानाचं होतं. काका सवयीनं ओरडूनच वाचू लागले. काकूंनी दोन्ही कानांवर हात ठेवले, तेव्हा कुठे त्यांनी आवाज उतरवला. इतक्या हळू ते वर्षभरात वाचले नव्हते.

"दोन जोड घ्या, स्वल्पविराम, तिसरा मोफत, उद्गारचिन्ह. पुढची ओळ..."

टेबलावर पेन्सिल वाजली.

"चांदणी राहिली," काकू म्हणाल्या.

काकांनी प्रूफ डोळ्यांजवळ नेलं. चांदणी तिथे होती, चांगली स्पष्ट छापलेली. त्यांनीच वाचली नव्हती.