शेकाचे प्रकार

रेडिएशनला आमच्याकडे शेक म्हणतात. कुणी लाइट म्हणतं, कुणी वीज. सोलापुरातल्या त्या हॉस्पिटलच्या तळघरात, मशीनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलं की हे तिन्ही शब्द कानावर येतात. कॅन्सर हा शब्द मात्र कुणी तोंडातून काढत नाही. मीही काढला नाही. ज्युनियर कॉलेजात इतकी वर्षं फिजिक्स शिकवलं, गॅमा किरण अडवायला शिसं केवढं जाड लागतं ते मी झोपेतही सांगेन. पण आपल्या बापाच्या अन्ननळीत काय झालंय हे बापाला सांगायची वेळ आली, तेव्हा माझी वाचा बसली.

अप्पा वैरागचे. पेठेत डाळींचं दुकान होतं. आई गेल्यावर दुकान माझ्या धाकट्या भावाच्या हाती देऊन ते माझ्याकडे सोलापूरला राहायला आले. मी एकटीच राहते, त्यामुळे दोघांनाही सोबत झाली. माणूस खाण्याचा शौकीन. कडक भाकरी मोडून आमटीत कुस्करायची, वर शेंगाची चटणी, आणि मग अर्धा तास कुणी बोलायचं नाही. मला ते लाडानं अव्वा म्हणायचे, कन्नडमध्ये आई. एके दिवशी म्हणाले, "अव्वा, भाकरी हितं अडकती बघ," आणि छातीवर बोट ठेवलं. मी म्हणाले, सावकाश खा. पंधरा दिवस मी सावकाश खा, सावकाश खा एवढंच म्हणत राहिले. मग दुर्बीण झाली, तुकडा तपासायला गेला, आणि डॉक्टरांनी मला आणि भावाला आत बोलावलं. अप्पा बाहेर बसले होते.

गाठ अन्ननळीच्या खालच्या भागात होती. वय आणि फुप्फुसं बघता ऑपरेशन झेपणार नाही, पण पाच आठवडे शेक आणि सोबत थोडी केमो दिली तर चांगली आशा आहे, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर पडताना भावानं माझं मनगट धरलं. "अक्का, अप्पांना सांगायचं नाही हं. ऐकतील आणि हातपाय गाळून बसतील." मी मान हलवली. आमच्या नात्यागोत्यात असं कधी कुणाला सांगितलेलं मी बघितलंच नव्हतं.

घरी येताना रिक्षात अप्पांनी विचारलं, "काय म्हणाला डाक्टर?" भाऊ काहीतरी बोलू लागला तर अप्पांनी त्याला हातानंच थांबवलं. "तू गप. तू ल्हानपणापास्नं थापाड्या हाईस. अव्वा, तू सांग. तू खोटं बोलत न्हाईस."

"सूज आहे अप्पा," मी म्हणाले. "शेक दिला की उतरेल."

"बरं," म्हणाले आणि चहाचं विचारलं. इतका विश्वास!

मग आला मापाचा दिवस. शेक देण्याआधी एक स्कॅन करतात, छातीवर खुणा करतात, किरण कुठून सोडायचे ते ठरवतात. तिथला तंत्रज्ञ पोरगा बोलायला चांगला होता. "आजोबा, सदरा काढा, आणि गळ्यातलं तेवढं काढून ताईंकडे द्या."

गळ्यातलं म्हणजे इष्टलिंग. आम्ही लिंगायत. लहानपणी अय्या, म्हणजे आमचे गुरू, येऊन दीक्षा देतात, लिंग गळ्यात बांधतात, आणि ते अंगावेगळं करायचं नाही असा नेम असतो. अप्पांचं चांदीच्या डबीत, दोऱ्यात, बरोबर छातीवर. अंघोळीलासुद्धा ते काढत नसत.

"कशापायी काढायचं?" अप्पांनी मला विचारलं.

"शेक नीट बसावा म्हणून. पंधरा मिनिटांचं काम आहे."

"सुजेसाठी लिंग काढू? येडी का खुळी?" आणि चिडले की कन्नडवर यायचे तसे आले, "बेडा!" नको म्हणजे नको. सदऱ्याची बटणं लावून चालायलाच लागले.

मी काय बोलणार? जिवाचा प्रश्न आहे म्हणाले असते तर त्यांनी विचारलं असतं, सुजेनं जीव जातो व्हय? आमच्याच थापेनं आमची बोलती बंद केली. रात्री फोनवर भाऊ म्हणाला, "अक्का, असं एखादं मशीन असेल की, ज्यात काढावं लागत नाही. तू बघ ना. तू फिजिक्सवाली." झालं! मला तेवढंच पाहिजे होतं. खरं बोलण्यापेक्षा अभ्यास करणं मला केव्हाही सोपं.

एक वही केली. जुनं कोबाल्टचं मशीन, त्यात किरण आजूबाजूलाही बरेच सांडतात. मग सोलापुरात होतं ते वीज वापरून किरण तयार करणारं मशीन. त्यातच पुढचा प्रकार, धार कमीजास्त करत गाठीच्या आकाराला किरण बेतायचे, म्हणजे शेजारच्या हृदयाला आणि फुप्फुसाला झळ कमी. मग प्रोटॉन, ते मुंबईला, गाठीपाशी जाऊन थांबणारे, पलीकडे न जाणारे. आणि शेवटी आतला शेक. नाकातून किंवा तोंडातून बारीक नळी घालायची, तारेच्या टोकाला किरणांचा दाणा, तो थेट गाठीपाशी नेऊन थोडा वेळ ठेवायचा आणि परत काढायचा. वर्गात शिकवावं तसे रकाने आखले होते मी. कुठपर्यंत पोचतं, किती दिवस लागतात, त्रास काय होतो. शेवटच्या रकान्यावर लिहिलं होतं, लिंग काढावं लागेल का? खाली सगळीकडे हो, हो, हो. फक्त आतल्या शेकापुढे प्रश्नचिन्ह. त्या प्रश्नचिन्हाला आम्ही लोंबकळलो.

डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी पानं उलटली आणि माझ्याकडे बघितलं. "मॅडम, अभ्यास चांगला केलात. पण यांना आपलं इथलं मशीन पुरेसं आहे. आतला शेक एकटा उपयोगाचा नाही, गाठ लांब आहे. तुलनेत दिवस घालवू नका. त्यांना खरं काय ते सांगा आणि सोमवारी घेऊन या."

"आमच्याकडे सांगत नाहीत," मी म्हणाले. वर नाक उडवून म्हणाले! त्या माणसाशी मी दाण्याच्या किरणांवर दहा मिनिटं वाद घातला. दीडशहाणी.

मग पुणे झालं. तिथल्या आतल्या शेकाच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. आधी बाहेरून, मग लागला तर आतून, आणि मापाच्या स्कॅनला छाती मोकळी हवीच. मग मुंबईला प्रोटॉनसाठी कागद पाठवले, उत्तर यायला दिवस गेले, उत्तर तेच. मध्ये भावाचा तुरीचा हंगाम, माझ्या बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षा. मध्ये नातेवाइकांचे फोन. कुणी म्हणे लाइटनं माणूस काळा पडतो, कुणी म्हणे प्रोटॉनशिवाय हातच लावू देऊ नका. आयुष्यात कधी थर्मामीटर वाचता आला नाही त्यांना, पण प्रोटॉन माहीत! आणि मी त्या प्रत्येकाचं ऐकून घेऊन वहीत टिपत होते. म्हणजे मी त्यांच्यापेक्षा वेगळी काय होते?

दोन महिन्यांच्या वर गेले. भाकरीवरून अप्पा मऊ भातावर आले, भातावरून पेजेवर. सदऱ्याची कॉलर मोठी दिसायला लागली. "अव्वा, सूज लई हट्टी हाय की गं," असं हसून म्हणायचे. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची आणि उभी राहायची.

एका सकाळी पाण्याचा घोटही परत आला. ॲडमिट केलं, पुन्हा स्कॅन झाला. डॉक्टरांनी फिल्म लावली आणि एका जागी पेन टेकवलं. मग म्हणाले, यकृतात गेलंय. आता पाच आठवड्यांच्या शेकाला अर्थ नाही. दहा दिवसांचा देऊ, तोही बरं होण्यासाठी नव्हे, पाणी उतरावं एवढ्यासाठी. "आणि मॅडम, या वेळी सही त्यांची घेणार. सगळं कळल्यावर. तुम्ही सांगता की मी सांगू?"

मी सांगितलं. दुपार होती. शेजारच्या कॉटवरचा माणूस झोपला होता, अप्पांच्या हाताला सलाइन होतं. मी कॅन्सर म्हणाले, यकृत म्हणाले, सुजेचं खोटं होतं म्हणाले. भाऊ पायाशी उभा राहून रडत होता. अप्पा छताकडे बघत होते. रडले नाहीत, ओरडले नाहीत. हातपाय गाळून तर अजिबात बसले नाहीत.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मंग त्या दिवशी का न्हाई बोललीस?"

"तुम्ही लिंग काढलं नसतंत म्हणून आम्ही दुसरं मशीन..."

"काढायचं कशाला? डोक्याला बांधलं असतं की."

मला कळेना. त्यांनी शाळेतल्या पोराला समजावावं तसं हळूहळू सांगितलं. लिंग अंगावर असलं म्हणजे झालं. छातीवरच पाहिजे असं काही नाही. मस्तकावर चालतं, हातात चालतं. बेंबीच्या खाली तेवढं जाऊ द्यायचं नाही. "सुजेसाठी जाग्यावरनं हालवणार न्हवतो मी. जिवासाठी हालवलं असतं. तुमी इचारायचं तरी."

अरे देवा! पाच प्रकारचे किरण मला पाठ होते आणि बापाच्या गळ्यातलं कुठे कुठे बांधता येतं हे माहीत नव्हतं. कसं असणार? माझं स्वतःचं मी कॉलेजात जायला लागल्यावर काढून देवघरात ठेवलं होतं, भावाचंही तिथंच पडलेलं. आई असती तर एका वाक्यात मोकळं झालं असतं. वैरागला अय्यांना एक फोन केला असता तरी झालं असतं. पुण्याला गेलो, मुंबईला कागद पाठवले, आणि ज्याला विचारायचं तो पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसला होता.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी स्वतःच्या हातानं दोरा सोडला, डबी उपरण्यात गुंडाळून डोक्याला बांधली आणि टेबलावर आडवे झाले. तो तंत्रज्ञ पोरगा म्हणाला, "चालतंय की आजोबा, छाती मोकळी पाहिजे, बस." एवढंच होतं ते.

दहा शेक झाले. काही दिवस पाणी उतरलं, चहा उतरला. भेटायला येणारे आम्हा दोघांची पाठ थोपटायचे. पुण्या-मुंबईपर्यंत पळालात हो, काही कमी केलं नाहीत. मला एकेकाला धरून ढकलून द्यावंसं वाटायचं. वेळेवर झालं असतं तर वाचले असते का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. खात्री तेव्हाही नव्हती, पण संधी होती, असं ते म्हणाले. त्या वाक्याचं मी काय करू ते मला अजून कळलेलं नाही.

अप्पा मला कधी टोचून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. फक्त मला काही विचारायचं त्यांनी सोडून दिलं. पाणी किती प्यायचं ते वॉर्डातल्या मावशींना विचारायचे, ताप किती आहे ते सिस्टरला. शेवटच्या आठवड्यात दुखण्यासाठी नवं पातळ औषध सुरू झालं. मी बाटलीवरचं सगळं वाचून न विचारता त्यांना समजावलं. हे दुखणं कमी करतं अप्पा, झोप येईल, घाबरायचं नाही. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग मान वळवून पलीकडं उभ्या असलेल्या सिस्टरला विचारलं, "सिस्टर, ही म्हणती ते खरं हाय का?"

सिस्टर हो म्हणाली. मग त्यांनी औषध घेतलं.