ताणावरची बाग आणि मोठी मोटर

नोकरीची सगळी वर्षं मी पाणबुडीत कानाला यंत्र लावून बसलो. आमच्या गावी, चांदूर बाजारला, कोणी विचारलं की सांगतो, "आयकाचं काम होतं." लोक हसतात. हसू देत.

पाण्यात पंखा जोरात फिरला की पात्यामागे दाब घटतो, पाण्यातच बुडबुडे धरतात आणि फुटतात. कढईत फुटाणे तडतडावेत तसा आवाज. तो शत्रूच्या कानी गेला की आपण संपलोच. म्हणून पाणबुडीचा पंखा मोठा आणि संथ असतो. पाती विळ्यासारखी वाकडी, म्हणजे सगळं पातं एकदम धक्का खात नाही. पात्यावर साधा ओरखडाही चालत नाही. तरी तडतडलंच, तर वेग कमी करायचा आणि खोल जायचं. खाली पाण्याचा भार असतो, बुडबुडा धरतच नाही.

यंदा जानेवारीत गावी गेलो, तर हाच आवाज आमच्या विहिरीतून येत होता. धाकट्या भावाने संत्र्याच्या बागेला ताण दिला होता. बहर यावा म्हणून महिनाभर पाणी तोडलेलं, झाडांनी पानं टाकलेली. आता भरपूर पाणी देऊन ताण तोडायचा, नाहीतर झाडंच वाळतात. आणि विहीर तळाला गेलेली. या शहाण्याने काय करावं? पाणी लवकर यावं म्हणून दुप्पट ताकदीची मोटर बसवली.

"भाऊ, एवढी मोठी मोटर टाकली, तरी पानी काहून नाई येऊन राह्यलं?"

मला संतापच आला. विहिरीत पाणी थोडं आणि मोटरची ओढ मोठी, म्हणून तिच्या पंख्यामागेही तेच बुडबुडे धरत होते. पाइपावरचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून ओढ कमी केली. तडतड थांबली. तो लहान पोरासारखा हसला. त्याला वाटलं, मोटर दुरुस्त झाली.

"आता अजून खाली सोडू तिले?"

"खाली खडक हाये. पानीच नाई रे."

आयुष्यभर शिकलेलं सगळं तिथे संपलं. मला रडू येत होतं. करंगळीएवढी धार पडत होती. तिच्यावर फार तर झाडांच्या दोन ओळी जगल्या असत्या.

"मंग कोनती झाडं जगवाची? तूच सांग."

मी विहिरीजवळच्या दोन ओळी दाखवल्या. बाबांनी स्वतःच्या हाताने लावलेली झाडं पार त्या टोकाला होती, तिथवर पाणी पोचणार नव्हतं. त्याने तिकडे पाहिलंही नाही. पाइप खांद्यावर घेतला आणि म्हणाला, "आईले नको सांगू."