सवतीची चाकं

हे मी देवालासुद्धा कधी नीट सांगितलं नाही. त्याच्यासमोर हात जोडते, सुरुवात करते — आणि मधेच नातीच्या परीक्षेचं काहीतरी मागून विषय बदलते. आता विषय बदलायचाही कंटाळा येतो. म्हणून तुम्हाला सांगते.

आधी गाडीचं सांगते, कारण घरात माझ्यापेक्षा तिचा मान मोठा होता. लाल, दोनच दारांची, टप मागे दुमडणारी जुनी विलायती गाडी. अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याकडे ती कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून उभी होती. आमच्या ह्यांनी ती अमरावतीला आणली आणि घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये तिची स्थापना केली. इंजिन दम्याच्या म्हाताऱ्यासारखं — चार दिवस बरं, महिनाभर अंथरुणात. पण चाकं! खास मुंबईहून बनवून घेतलेली, बारीक तारांची, तोंड पाहावं अशी चकचकीत, आणि त्यांवर रुंद टायर. नवरदेवाला चालता येत नाही, पण मोजडी जरीची.

“या गाडीनं तुले सेमाडोहले नेतो,” हे दर वर्षी म्हणायचे. मी दर वर्षी मनातल्या मनात पातळ निवडायची. काय म्हणावं त्या बाईला? डोक्याचे केस पिकले, तरी टप उघडा टाकून मेळघाटात वारा खायची स्वप्नं पाहत होती.

दर रविवारी सकाळी सलीमभाई यायचा. त्याचं छोटं गॅरेज होतं, आणि ह्यांचा तो एकुलता एक जिवलग. दोघं शेडमध्ये शिरायचे आणि दुपारपर्यंत एकेक तार पुसत बसायचे. मी चहा नेऊन द्यायची. “भाभी, साखर टाकली का नुसतं चहाले तिचं तोंड दाखवलं?” असं तो विचारायचा, आणि हे खदाखदा हसायचे. माझ्याशी बोलताना हे असे कधी हसल्याचं मला आठवत नाही. शेजारणी म्हणायच्या, तुमच्या घरी सवत आहे हो, लाल लुगड्यातली. मीही हसायची. पण सवत ती सवतच — टिनाखाली का ठेवली असेना.

मग ह्यांचा मोतिबिंदू पिकला. ऑपरेशन अकोल्याला, मुक्काम नणंदेकडे. नेमकं नवरात्र आलं होतं. आमच्याकडे घट बसतो, अखंड दिवा असतो, आणि दिव्यापाशी बसणाऱ्या बाईनं नऊ दिवस घर सोडायचं नाही असा रिवाज. त्यामुळे हे गेले आणि मी राहिले. एकटी, उपाशी — आणि डोकं रिकामं.

एक नागपूरचा माणूस मागे कधीतरी गाडी पाहायला आला होता. गाडी नको, नुसती चाकं द्या, म्हणाला. ह्यांनी त्याला असा हाकलला, जसं त्यानं पोरगीच मागितली. जाताना तो माझ्या हातात आपला नंबर ठेवून गेला. पुरुषांना कळत नाही, पण दुकानदाराला बरोबर कळतं घरात कोण रागावलंय.

मी फोन केला. का केला? पैशाची अडचण नव्हती. मला वाटलं, चाकं गेली की गाडी मेली, आणि गाडी मेली की माणूस घरात येईल. एवढंच गणित. शेडच्या कुलपाच्या दोनच चाव्या होत्या — एक ह्यांच्या खिशात अकोल्याला, दुसरी सलीमभाईकडे. मी त्याला निरोप धाडला, की जळमटं काढायची आहेत, चावी देऊन जा. तो आला, चावी दिली आणि “दादांचा डोळा कसा हाये?” विचारून गेला.

नागपूरकर टेम्पो घेऊन आला. टायरच्या कडेला नख ओढून भेगा पाहू लागला, तर मी भाजीबाजारात वांगी घेते त्या थाटात त्याच्या अंगावर गेले — एका तरी टायरनं चिखल पाहिलाय का, सांगा बरं! चांगली घासाघीस केली. मजा आली, खोटं कशाला बोलू? मग त्यानं विचारलं, “काकू, काकांना विचारलंय ना?” आतल्या खोलीत देवीसमोर दिवा तेवत होता. मी म्हटलं, त्यांनीच तर सांगितलं. त्यानं गाडी विटांवर टेकवली, वर कव्हर ओढलं आणि चाकं घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सलीमभाई घाईतच आला, स्कूटरवरून न उतरता फाटकातूनच चावी घेऊन गेला.

डॉक्टरनं ह्यांना महिनाभर धुळीत जायची मनाई केली होती, म्हणून मी निर्धास्त. महिनाभरात सुचेल काहीतरी. आणि बघा या बाईची अक्कल! नऊ दिवस देवीसमोर बसली, पण दहाव्या दिवशी दसरा येतो हे तिच्या ध्यानातच नाही. दसऱ्याला गाडीची पूजा करतात — आणि गाडीत आधी कशाची करतात? चाकांची.

हे अष्टमीला परतले. दसऱ्याला हिरवा चष्मा लावून, झेंडूच्या माळा हातात घेऊन शेडमध्ये गेले. मी स्वयंपाकघरात होते. हे बऱ्याच वेळानं बाहेर येऊन ओट्यावर बसले. माळा तशाच हातात.

संध्याकाळी सलीमभाई आला, दर वर्षीसारखा, ह्यांना सोनं द्यायला. आपट्याची पानं पुढे करून पाया पडायला वाकला. ह्यांनी हात मागे घेतला.

“चाकं कुठी हायेत?”

“कोणती चाकं, दादा?”

“चाब्या दोनच. माही माह्यापाशी होती.”

“तुमी मले चोर म्हणून राहिले, दादा?”

आता इथे थांबते जरा. इथवर मी पुष्कळदा आले आहे, मनात. चाकं विकली, हा पोरकटपणा म्हणून एखादा सोडूनही देईल. ते नव्हे.

सलीमभाईनं माझ्याकडे पाहिलं. चावी कोणाकडे होती हे त्याला ठाऊक होतं. एक वाक्य पुरेसं होतं — भाभीनं नेली होती. तो ते बोलला नाही. नवऱ्यासमोर, सणाच्या दिवशी, घट उठवलेल्या बाईबद्दल ते त्यानं बोलावं तरी कसं? मीच बोलेन म्हणून तो वाट पाहत राहिला. मी पदराच्या टोकाला लागलेलं पीठ झटकत बसले. मग त्यानं कुलपाची चावी ओट्यावर ठेवली, आणि गेला.

हे गप्प बसणारे नव्हते. चार ठिकाणी बोलले. गॅरेजवर विश्वास गेला की उरतं काय? लोक गाड्या दुसरीकडे नेऊ लागले. वर्षभरात त्यानं शटर ओढलं आणि अकोटला जावयाच्या आसऱ्यानं राहायला गेला. आणि हे घरात आले का? आले. रविवारी खुर्चीत बसायचे, भिंतीकडे पाहत. मला पाहिजे होता तो माणूस मला मिळाला, पण असा.

शेवटच्या आजारात एकदा म्हणाले, “सलीमले बोलाव. चाकं गेली तर गेली. त्याले पाहू दे एकदा मले.” मी हो म्हटलं. निरोप धाडला नाही. दोघं समोरासमोर बसले असते तर चावीचं निघालंच असतं. दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, आला का? मी सांगितलं — बोलावलं होतं, येत नाही म्हणाला. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा विचारलं नाही.

ते गेल्यावर, दहाव्याच्या आधी, एका दुपारी सलीमभाई दारात उभा. एसटीनं आला होता. पार वाळलेला. पाणी घेतलं, चहा नको म्हणाला. बराच वेळ फोटोकडे पाहत बसला. चावीबद्दल अवाक्षर नाही. उठताना एवढंच विचारलं, “भाभी, दादांनी मले याद केलं होतं का?”

खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता — मग मले कोणी कळवलं काहून नाही?

“नाही,” मी म्हटलं. “तुमचं नावसुद्धा काढलं नाही.”

त्यानं मान हलवली, चपला घातल्या आणि बसस्टँडकडे पायी निघाला. मी दारातून पाहत होते. तो वळणाआड गेला, आणि मला हायसं वाटलं.