दणक्याच्या पोटातलं

वीटभट्टीवर त्याला सगळे ‘दणका’ म्हणायचे, कारण तोंडाआधी त्याचा हात चालायचा. मुकादमाचे दोन दात त्याने पाडले होते. बायकोच्या अंगावर तर सदा कुठे ना कुठे काळंनिळं असायचंच. पोरवयापासून तो भट्टीवर अनवाणी चिखल तुडवत आलेला.

मानेला गाठी आल्या आणि कॅन्सर निघाला. दवाखान्यात केमो सुरू झाली, जोडीला स्टेरॉइडच्या गोळ्या. दुसऱ्या डोसनंतर जुलाब लागले ते थांबेचनात. मुरडा आला की तो धिप्पाड गडी कॉटचा गज धरून गुरासारखा ओरडायचा.

“केमोने होतं असं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. औषध दिलं, पण गुण काही येईना.

एका सकाळी संडास गाठायच्या आधीच अंथरूण भरलं. बायको पुसायला वाकली. समोरच्या कॉटवरचा म्हातारा टक लावून बघत होता. दणक्याला ते सोसवलं नाही. त्याने बायकोच्या छातीत लाथ घातली. ती लोखंडी कपाटावर आदळली आणि भुवई फुटली.

“हात चालव की, भवाने!”

ती उठली. रक्त डोळ्यात उतरत होतं. कॉटखालचं संडासाचं पत्र्याचं भांडं तिने उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. मग पुन्हा हाणलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज वॉर्डभर गेला. नर्सने तिला मागून घट्ट धरलं.

“सोडा मला, सिस्टर! जन्मभर मार खाल्ला. आता याची घाण काढूनही मारच खायचा का?”

केमोमुळे त्याचं रक्त गोठेना. चादर लाल झाली. डॉक्टरीणबाईंनी नाकात बोळे कोंबून कसंबसं रक्त थांबवलं, मग बायकोच्या भुवईला टाके घालायला बसल्या.

“ह्यांना हे जुलाब आधी कधी झाले होते का?”

“अधूनमधून व्हायचे. आणि कमरेखाली खाज. सापासारखे लाल वळ उठायचे, तासाभरात पुढे सरकायचे.”

सुई हातातच थांबली. “भट्टीवर चिखल तुडवायचे ना हे? अनवाणी?”

“कायम.”

“हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

शौचाच्या तपासणीत जंतांच्या अळ्या वळवळताना दिसल्या. मातीतून तळव्यांत शिरलेले हे जंत वर्षानुवर्षं आतड्यात गुपचूप राहिले होते. स्टेरॉइडने अंगाची प्रतिकारशक्ती खचली आणि ते बेसुमार वाढले. आणखी उशीर झाला असता तर फुप्फुसात आणि रक्तात पसरून त्यांनी त्याचा जीवच घेतला असता. स्टेरॉइड कमी केलं, जंतांच्या गोळ्या दिल्या आणि हळूहळू जुलाब थांबले.

पुढचे केमोचे डोस सासरहून आलेल्या लेकीने सांभाळले.

“तुझी आई कुठंय?” त्याने एकदा विचारलं.

“तिने वेगळी खोली घेतलीय. येणार नाही ती.”

“पण तिच्यामुळेच तर वाचलो ना मी?”

“मीही तेच म्हटलं तिला,” लेक डबा उघडत म्हणाली. “तर म्हणाली, मी मारायलाच निघाले होते, बाई. तो वाचला हे त्याचं नशीब.”

लेकीने पुढे केलेला घास त्याने बराच वेळ तोंडात घोळवला.