रेडिओवर लवकर लागलेली येळवस

लातूरच्या एका लहानशा एफएम केंद्रात मला निवेदिकेची नोकरी लागली, तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा कुणाच्या तरी पगाराची तारीख ठरली. घरातली पहिली पदवीधर मीच. नोकरी मात्र अजून कच्ची होती. मला ठेवायचं की नाही, हे डिसेंबरअखेर ठरणार होतं. सकाळच्या माझ्या कार्यक्रमात श्रोत्यांनी फोन करायचा, मी गप्पा मारायच्या, मध्ये गाणी. फोन येतात की नाही, यावर सगळं होतं.

आणि डिसेंबर लागताच मुख्य कार्यालयानं सकाळची सगळी गाणी नाताळची केली. नाताळ तर अजून लांब होता. गाणी बहुतेक इंग्रजी, आणि प्रत्येकात घंटांचा खुळखुळाट. केंद्रप्रमुख सरांना मी भीतभीत विचारलं, "सर, आपले श्रोते खेड्यापाड्यातले. मधे दोन मराठी घालू का?"

"गाणी वरून येतात, मॅडम. आपण फक्त बोलायचं."

बोलायचं तर काय? बर्फ मी पाहिला तो रसवंतीवर, पोत्यात गुंडाळलेला. फोन कमी होत गेले. एका सकाळी एकच आला, आणि त्या माणसाला गॅसची टाकी हवी होती.

त्या संध्याकाळी वडिलांचा फोन आला. मुरुडजवळच्या आमच्या शेतात पाणी देताना ते मोबाइलवर माझा कार्यक्रम ऐकतात.

"माय, तुमच्या रेडिओनं औंदा येळवस लई लवकर धरली गं."

"येळवस? ती कुठं लावली आण्णा?"

"रोज घुंगरं वाजवायलेत की. गाणं कळंना, पण बैलगाड्या शेताकडं निघाल्यात तेवढं कळतंय. तुझी आई आंबिलीचं बिंदगं शोधाया लागली."

"आण्णा, ती नाताळाची गाणी हायेत. बर्फातल्या गाडीच्या घंटा हायेत त्या."

"मग गाडीच म्हणलो ना म्या."

मी हसले, पण डोक्यात तेच राहिलं. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडे त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं. सगळे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, पूजा करतात, पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांची भज्जी आणि बिंदग्यात, मातीच्या मडक्यात, मुरलेली ताकाची आंबील पोटभर जेवतात. बैलांच्या गळ्यातली घुंगरं लांबून ऐकू आली की आम्ही पोरं बांधावर पळायचो.

दुसऱ्या दिवशी घंटांचं गाणं संपलं आणि मी वडिलांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. विचारलं, तुमच्याकडे भज्जी कोण करतं?

फोन सुरू झाले. एक आजोबा म्हणाले, बैल विकले पण घुंगरं खुंटीला आहेत. एका काकूंनी भज्जीत चिंच किती घालावी यावर मला चांगलंच झापलं. मग एका नर्सताईंचा फोन आला. "आम्ही ख्रिश्चन. आमच्या सणाची गाणी आजवर घरातच लावायचो, यंदा रेडिओवर ऐकतोय. आणि येळवशीला शेजाऱ्यांच्या शेतात आम्ही दरवर्षी असतोच. लवकर लावली तर लावली, दोन्ही सणांची तयारी होते."

त्यानंतर रोज तेच. गाणी वरून यायची, बोलणं खालून. सर काचेपलीकडून बघत आलेले फोन मोजायचे. त्या वर्षी येळवस नाताळाच्या आधी आली. आदल्या दिवशी ते म्हणाले, "मॅडम, जानेवारीतही सकाळ तुमचीच. कागद तयार करायला सांगितलाय."

वडिलांना कळवलं. ते म्हणाले, "उद्या येतीस का न्हाई?"

"सकाळचा कार्यक्रम करून येते."

"ये. भज्जी ठेवतो."

मी पोहोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या. आईनं बिंदग्यातली आंबील ओतली, दोन पेले, नको म्हणत असताना तिसरा. कोपीशेजारी सतरंजी होती. जरा टेकते म्हणून टेकले आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. उठले तेव्हा उन्हं उतरली होती आणि घरी परतायला वडील घुंगरं बांधलेले बैल गाडीला जुंपत होते.